मागचा शॉकअप मापाने बसवा, अंदाजाने नव्हे
सायकल कारागिरांसाठी एक नवा हुन्नर

सायकल दुरुस्तीचा धंदा आता पंक्चर, चेन आणि ब्रेकपुरता राहिलेला नाही. बाजारात एका टोकाला दूधवाल्याची, कामगाराची आणि शाळकरी मुलाची साधी सायकल आहे. दुसऱ्या टोकाला डोंगरदऱ्यांतून, दगडधोंड्यांवरून पळविण्याची सायकल आहे, जिला सगळेच आता माउंटन बाइक म्हणतात. यातल्या उंची गाड्यांना पुढेही शॉकअप असतो आणि मागेही. त्यांची किंमत पुष्कळदा चांगल्या मोटारसायकलीच्या वर जाते. अशी गाडी कधी ना कधी कोपऱ्यावरच्या दुकानात येतेच, आणि मिस्त्रीपुढे प्रश्न उभा राहतो की, या मागच्या शॉकअपचे करायचे काय?

पुष्कळ ठिकाणी काय होते ते आम्ही पाहिले आहे. गिऱ्हाईक सांगते, "मागून फार आदळते." मिस्त्री हाताने सीट दाबून पाहतो, थोडी हवा कमी करतो किंवा वाढवितो आणि गाडी परत देतो. दोन दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात. मग निकाल दिला जातो की, शॉकअप गेला, नवा घ्या. नव्या शॉकअपची किंमत ऐकून गिऱ्हाइकाचे डोळे पांढरे होतात. प्रत्यक्षात शॉकअप धडधाकट असतो. त्याला त्या माणसाच्या वजनाप्रमाणे बसविलेलेच नसते.

आम्ही कापडवाले. पाना आमच्या हातचा नव्हे, पण माप आमच्या रोजच्या व्यवहारातले आहे. दुकानात टांगलेला तयार सदरा दहा जणांना घालून पाहा, नेमका एखाद्यालाच बसेल. मागच्या शॉकअपचे अगदी तसेच आहे. कारखान्यातून तो कोणासाठीही तयार होऊन येत नाही. तो चालविणाऱ्याच्या अंगाला बेतावा लागतो, आणि हे बेतण्याचे काम मिस्त्रीचे आहे. कंपन्यांची माहितीपुस्तके वाचून आणि हे काम नित्य करणाऱ्या कारागिरांशी बोलून आम्हाला जे उमगले, ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

ही गाडी आली कोठून?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील काही हौशी तरुण १९७० नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडीत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. त्या उताराला 'रिपॅक' असे नाव पडले. त्याचे कारण आमच्या मिस्त्री बांधवांना चटकन कळेल. त्या गाड्यांना मागच्या हबमध्ये पायाने उलटे पायडल दाबून लागणारा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. भरणे पुन्हा भरायचे म्हणून 'रिपॅक'. म्हणजे या गाडीचा जन्मच पाना आणि ग्रीस यांच्या संगतीत झाला आहे.

शॉकअपची विद्या मात्र मोटारसायकलीकडून आली. आज सायकलीच्या शॉकअपमध्ये मोठे नाव असलेली फॉक्स ही कंपनी १९७४ साली मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींसाठी हवेचे शॉकअप करण्यातून निघाली. रॉकशॉक्स ही दुसरी मोठी कंपनी १९८९ साली सुरू झाली. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीला स्थान मिळाले. तेव्हा ज्यांनी मोटारसायकलीचा स्विंगआर्म आणि शॉकअप खोलले आहेत, त्यांना ही वस्तू परकी वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, मोटारसायकल स्वतःच जड असते, त्यामुळे दहा किलोचा माणूस इकडे-तिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही. सायकलीचे वजन मात्र चौदा-पंधरा किलो आणि वर बसणारा त्याच्या पाचपट. म्हणून येथे माणसाच्या वजनावरच सारा हिशोब चालतो.

स्प्रिंग निराळी, तेल निराळे

मागच्या शॉकअपमध्ये दोन कामे होतात. पहिले काम वजन पेलण्याचे. ते काही शॉकअपमध्ये लोखंडी स्प्रिंग करते आणि काहींमध्ये कोंडलेली हवा करते. दुसरे काम हालचाल आवरण्याचे. आत तेल असते, ते बारीक छिद्रांतून इकडून तिकडे जाते आणि स्प्रिंगची उसळी ताब्यात ठेवते. हवा किंवा स्प्रिंग ठरविते की गाडी किती दबेल. तेल ठरविते की ती किती वेगाने दबेल आणि किती वेगाने परत येईल. या दोन गोष्टींची गल्लत झाली की दुरुस्ती भरकटते.

आणखी एक हिशोब ध्यानात ठेवावा. समजा मागचे चाक १४० मिलिमीटर वरखाली होते आणि शॉकअपची दांडी ५० मिलिमीटर आत जाते. १४० ला ५० ने भागले की २.८ येतात. म्हणजे दांडीवरचा एक मिलिमीटर हा चाकाजवळ सरासरीने जवळजवळ तीन मिलिमीटर होतो. दांडीवर तीन मिलिमीटरची चूक किरकोळ दिसते, पण चाकापाशी ती आठ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणूनच हाताने दाबून "ठीक आहे" म्हणणे येथे चालत नाही. पट्टी हातात घ्यावीच लागते.

बैठक कशी मोजावी?

माणूस गाडीवर स्वस्थ बसल्यावर शॉकअप जेवढा दबतो त्याला इंग्रजीत सॅग म्हणतात. आम्ही त्याला 'बैठक' म्हणू. दगडावरून जाताना चाक वर उचलले जाते हे सर्वांना दिसते. पण खड्डा आला की चाकाला खाली जाऊन जमीन धरून ठेवावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी शॉकअप आधीच थोडा दबलेला असावा लागतो. साधारण डोंगरवाटांच्या गाडीसाठी ही बैठक दांडीच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के धरतात. शर्यतीच्या हलक्या गाडीला त्याहून थोडी कमी आणि केवळ उतारावर सोडण्याच्या गाडीला थोडी अधिक. गाडीच्या कंपनीने निराळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

२५ ते ३० टक्क्यांचा हा हिशोब कारागिरांनी कापून भिंतीवर लावावा:

दांडीची चाल ४५ मिलिमीटर : बैठक ११ ते १३.५ मिलिमीटर
चाल ५० : बैठक १२.५ ते १५
चाल ५५ : बैठक १४ ते १६.५
चाल ६० : बैठक १५ ते १८
चाल ६५ : बैठक १६ ते १९.५

आता हवेच्या शॉकअपची कृती.

१. आधी टायरमधील हवा योग्य आहे ना ते पाहावे. टायर चुकीचा असेल तर शॉकअपचा न्याय करता येत नाही.

२. शॉकअपवर दाब घट्ट करण्याची खिट्टी असेल तर ती पूर्ण मोकळ्या बाजूला करावी. खिट्टी बंद ठेवून मोजलेली बैठक खोटी येते.

३. शॉकअपचा स्वतंत्र हातपंप वापरावा. टायरचा पंप येथे कामाचा नाही. शॉकअपच्या आतली जागा लहान आणि दाब मोठा असतो. शॉकअपच्या पंपाला बारीक हवा सोडण्याचे बटण असते आणि गेज साधारणपणे ३०० पाउंडांपर्यंत दाखविते.

४. सुरुवातीचा दाब कंपनीच्या तक्त्यावरून घ्यावा. तक्ता हाती नसेल तर एक प्रचलित अडाखा असा की, चालविणाऱ्याचे पाउंडांतील वजन तेवढेच पाउंड हवा. सामानासह ७५ किलोचा माणूस म्हणजे १६५ पाउंड, तर १६५ पाउंड हवेने सुरुवात. हा फक्त आरंभ आहे, शेवट नव्हे. शॉकअपवर छापलेला कमाल आकडा कधीही ओलांडू नये.

५. सगळी हवा एका दमात भरू नये. आत दोन कप्पे असतात, एक मोठा आणि त्याला उलटा दाब देणारा एक छोटा. सुमारे ५० पाउंड भरावे, मग सीट आठ-दहा वेळा हळूहळू दाबावी, म्हणजे छोट्या कप्प्यातही हवा पोचते. पुन्हा भरावे, पुन्हा दाबावे. या वेळी गेजचा काटा थोडा खाली आला तर घाबरू नये, हवा दुसऱ्या कप्प्यात गेलेली असते.

६. गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या सरंजामासह बसवावे. हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, सगळे. शागीर्दाने पुढचे हॅंडल धरावे. गिऱ्हाइकाने नेहमी बसतो तसे बसावे, दोन्ही पाय पायडलवर ठेवावे आणि हलू नये.

७. दांडीवर एक रबराची बारीक रिंग असते. ती सरकवून शॉकअपच्या तोंडाशी टेकवावी. मग गिऱ्हाइकाने उडी न मारता, झटका न देता अलगद उतरावे. तोंडापासून रिंगेपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. हीच बैठक.

समजा ५० मिलिमीटर चालीच्या शॉकअपवर १७ मिलिमीटर आले. म्हणजे ३४ टक्के, अधिक आहे. दहा पाउंड हवा वाढवून पुन्हा मोजावे. ११ मिलिमीटर आले तर ते २२ टक्के, कमी आहे. थोडी हवा सोडावी. दोन-तीन खेपांत माप जुळते. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो ती नळीतली हवा असते, शॉकअपची नव्हे. पण पंप पुन्हा जोडला की नळी भरण्यात थोडा दाब खर्च होतो आणि गेज कमी दाखविते. त्यामुळे "हवा गळते" असा निष्कर्ष घाईने काढू नये.

लोखंडी स्प्रिंग असेल तर

स्प्रिंगच्या शॉकअपवर बहुधा रबराची रिंग नसते. तेथे शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या बोल्टांमधील अंतर मोजावे, एकदा गाडी रिकामी असताना आणि एकदा माणूस बसल्यावर. दोहोंतील फरक म्हणजे बैठक.

स्प्रिंगच्या डोक्यावर आट्यांची रिंग असते. ती आवळून शॉकअप कडक करण्याची फार जणांना सवय आहे. पण आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच थोडी दबून बसते. रिंग स्प्रिंगला टेकल्यावर एक ते दोन फेरे, एवढीच तिची मर्यादा समजावी. एवढ्यात बैठक जुळली नाही तर स्प्रिंगच बदलावी लागते. स्प्रिंगवर तिचा आकडा छापलेला असतो. ४५०, ५०० असा आकडा म्हणजे तिला एक इंच दाबायला तेवढे पाउंड वजन लागते. जड माणसाला मोठा आकडा, हलक्याला लहान.

उसळी : जेथे निदान चुकते

शॉकअपवर बहुधा लाल रंगाचे एक बटण असते आणि त्यावर पुष्कळदा कासव व ससा काढलेले असतात. हे परत येण्याचा वेग ठरविते. इंग्रजीत याला रिबाउंड म्हणतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविले की उसळी मंद होते, उलट फिरविले की जलद.

बैठक जुळल्यावरच या बटणाला हात लावावा. आधी ते पूर्ण बंद करावे, मग उलट फिरवीत एकूण किती टकटक होतात ते मोजावे आणि मध्यावर आणावे. मग गाडी फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या सावकाश खाली उतरवावी. मागची बाजू दबून एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डोलत राहिली तर एक-एक टक मंद करावी. जड अंगाने, ओढल्यासारखी वर आली तर एक-एक टक जलद करावी. हवा जास्त तेवढी उसळी जोरकस, म्हणून ९० किलोच्या माणसाला ६० किलोच्या माणसापेक्षा हे बटण अधिक मंद लागते.

येथे एक फसगत होते. उसळी फार मंद ठेवली तर एकामागोमाग दगड आले की शॉकअप पहिल्या दगडातून सावरायच्या आत दुसरा येतो. प्रत्येक दगडागणिक तो खाली-खालीच बसत जातो आणि शेवटी हलायला जागाच उरत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "फार कडक आहे." मिस्त्री हवा कमी करतो. शॉकअप आणखी खाली बसतो आणि त्रास वाढतो. खरे औषध हवेत नसून त्या लाल बटणात असते. उलट उसळी फार जलद असेल तर मागची बाजू लाथ मारल्यासारखी वर उडते आणि माणूस हॅंडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. घाटाच्या उतारावर ही गोष्ट गंमतीची नाही. तेथे हातपाय मोडण्याचा प्रश्न असतो.

सगळे जुळल्यावर गिऱ्हाइकाला नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारायला सांगावे आणि ती रबराची रिंग पाहावी. सर्वांत मोठ्या आदळ्याला रिंग दांडीच्या टोकाजवळ गेली असेल तर माप उत्तम. बैठक बरोबर असूनही शॉकअप वरचेवर तळाला आदळत असेल, तर हवेच्या कप्प्यात प्लास्टिकच्या चकत्या टाकून आतली जागा कमी करतात. त्याने शेवटची चाल कडक होते, बैठकीत फारसा फरक पडत नाही. रिंग कधीच टोकाजवळ जात नसेल तर चकत्या काढतात.

हात सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाचे. हवेचा कप्पा खोलण्यापूर्वी आतली सगळी हवा सोडलीच पाहिजे. हवा सावकाश सोडावी, मधून मधून सीट दाबावी, व्हॉल्ववर फडके धरावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण हवेबरोबर तेलही उडते. घाईने हवा सोडली तर छोट्या कप्प्यात दाब अडकून राहतो आणि शॉकअप आखडून बसतो.

कधी शॉकअप असा आखडलेलाच दुकानात येतो. आत बेसुमार दाब असतो, पण बाहेरून तो मेल्यासारखा दिसतो. पुन्हा हवा भरूनही तो लांब होत नसेल, तर त्याला पाना लावू नये, ठोकू नये, ओढू नये. खोलताना तो फुटून सुटला तर हात आणि चेहरा दोन्ही जायबंदी होऊ शकतात. तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्राकडेच पाठवावा. तसेच पुष्कळ शॉकअपच्या एका भागात नायट्रोजन वायू भारी दाबाने भरलेला असतो. तो भाग खोलायला निराळी अवजारे आणि शिक्षण लागते. जिज्ञासेपोटी शागीर्दाला तो खोलू देऊ नये. एखादे काम आपण करीत नाही असे सांगण्यात उस्तादाचा कमीपणा नाही.

स्वस्त गाड्यांबाबत खरे बोला

बाजारात मागे स्प्रिंग लावलेल्या स्वस्त सायकलीही पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या शॉकअपमध्ये तेलाची व्यवस्थाच नसते, नुसती स्प्रिंग असते. ओळख सोपी आहे. सीट दाबून सोडावी. ती दोन-तीनदा डोलली आणि कोठे उसळीचे बटणही नसेल, तर आत तेल नाही असे समजावे. अशा गाडीवर पायडल मारताना माणूस वरखाली होत राहतो आणि पायाची ताकद स्प्रिंग दाबण्यात खर्च होते. तेथे वरच्या रिंगेने थोडे जुळविता येते, बाकी काही नाही. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे. सपाट रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलासाठी मागे शॉकअप नसलेली गाडी हलकी, टिकाऊ आणि स्वस्त पडते, हेही सांगावे. आज एक विक्री गेली तरी ते घराणे कायमचे आपले होते.

धंद्याचे गणित

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. शॉकअपचा पंप, पोलादी पट्टी, एलन चाव्यांचा संच, टॉर्क पाना आणि एक वही. टॉर्क पाना अशासाठी की, मागच्या सांध्यांचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापातच आवळावे लागतात. ढिले राहिले तर सांधे खिळखिळे होतात, जास्त आवळले तर आटे जातात.

वहीचे महत्त्व पंपापेक्षा कमी नाही. गिऱ्हाइकाचे नाव, सामानासह वजन, शॉकअपची चाल, हवा किती पाउंड, बैठक किती मिलिमीटर, उसळी किती टक, आणि तारीख. पुढच्या खेपेला तीच गाडी आली की पाच मिनिटांत कळते काय बदलले आहे. हवा दर महिन्याला थोडी उतरत असेल तर रबरी सील झिजत आले, हे वहीच सांगते. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल कशाला? त्याच्या गाडीचा इतिहास तुमच्याकडे आहे.

शिवाय हे काम पुन्हा पुन्हा येणारे आहे. रॉकशॉक्स आपल्या मागच्या शॉकअपचा हवेचा भाग ५० तास चालविल्यावर साफ करून नवे सील बसवायला सांगते आणि तेलाचा भाग २०० तासांनी. फॉक्स १२५ तास किंवा वर्षातून एकदा असे सांगते. आमच्याकडील उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याचा चिखल पाहता यात आळस करून चालत नाही. धुताना पाण्याचा जोरदार फवारा शॉकअपच्या तोंडावर आणि सांध्यांवर मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. चेनचे तेल दांडीला लावू नये.

सारांश हा की, मागचा शॉकअप ही जादूची वस्तू नाही आणि दर तक्रारीला बदलण्याचीही वस्तू नाही. आधी वजन, मग हवा, मग बैठक, मग उसळी, हा क्रम सोडू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेले लिहून ठेवावे. नवा शॉकअप विकून एकदा नफा होईल. पण जो मिस्त्री पट्टी लावून गिऱ्हाइकाला सांगेल की, "तुमचा शॉकअप चांगला आहे, फक्त वीस पाउंड हवा कमी होती," त्याच्या दुकानापुढे पुढच्या आठवड्यात त्या गिऱ्हाइकाचे चार मित्र उभे असतील.